भिंतीवरच्या सवती

भिंत कुणीतरी धुतली होती.

चिमीला हे रस्त्याच्या वळणावरच कळलं, पण कळूनही तिने ते मनावर घेतलं नाही. ऊन तिरपं पडलं असेल, आपला चष्मा पुसायला हवा, असं बरंच काही तिने चालता चालता स्वतःला सांगून पाहिलं. जवळ आल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही. जुन्या पाण्याच्या टाकीभोवतीची ती दगडी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुकत्या न्हाऊ घातलेल्या पोरासारखी लख्ख दिसत होती.

चिमीच्या खांद्याला पारदर्शक कागदाची गुंडाळी होती, काखेत घडीचं स्टूल आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वर्षातून एकदा, याच आठवड्यात, याच वेशात ती या भिंतीपाशी येत असे. पन्नाशी उलटून गेली तरी घरात सगळे तिला चिमीच म्हणत. रस्त्यावरची मुलं तिला बुरशीबाई म्हणत, आणि ते नाव तिला चिमीपेक्षा जास्त आवडायचं, कारण ते निदान तिच्या कामावरून पडलेलं होतं.

भिंतीपाशी एक माणूस जाडजूड पाइप गुंडाळत होता. शेजारी पाण्याचा फवारा मारायचं यंत्र होतं. कौतुकाने बघायला कुणीतरी आलं म्हणून त्याचा चेहरा उजळला.

"या ताई. बघा कशी चकाचक केली. काय काय चिकटलेलं होतं म्हणून सांगू. ब्रशने निघेना, तारेच्या घासणीने निघेना. शेवटी प्रेशर वाढवलं, तेव्हा कुठे पापुद्रे सुटायला लागले."

"पापुद्रे," चिमी म्हणाली.

"हां. राखाडी, पिवळे, हिरवट. नाली भरली त्यांनी."

चिमीने नालीत पाहिलं. तळाशी राखाडी लगदा साचला होता. ती खाली बसली, चिमूटभर लगदा बोटावर घेतला आणि भिंगाखाली धरला. त्यात ओळखू येण्यासारखं काही नव्हतं. कुणाची कड कुठली आणि कुणाचा रंग कुठला, सगळं एक झालं होतं.

"काही पडलं का तुमचं?" त्याने विचारलं. बिचाऱ्याने खरंच काळजीने विचारलं.

"हो," चिमी म्हणाली. आणि मग तिच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती पुढे कितीतरी वेळ खाली उतरली नाही.

त्या भिंतीवर दगडफुलं होती. बहुतेकांना ती दिसत नाहीत. दिसली तरी त्यांना वाटतं, दगडाला डाग पडलेत, कुणीतरी चुना सांडलाय. खरं म्हणजे दगडफूल हा बुरशी आणि शेवाळाचा संसार असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. संसार इतका सावकाश चालतो की वर्षभरात त्याची कड तांदळाच्या कणीएवढी पुढे सरकली तरी डोक्यावरून पाणी. हवा बिघडली की आधी हीच मरतात. माणसं खोकायला लागतात ती बऱ्याच नंतर.

चिमी पोट भरायला वनस्पतींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत असे. पानाच्या देठावर लव असेल तर लव दिसली पाहिजे, ती वरच्या अंगाला असेल तर खालच्या अंगाला दिसता कामा नये, असं ते काम. पण तिचं स्वतःचं म्हणावं असं काम या भिंतीवर होतं. दगडांच्या सांध्यात तिने पितळी खिळे ठोकून ठेवले होते. दरवर्षी नवा पारदर्शक कागद त्या खिळ्यांना अडकवायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि बारीक पेनाने प्रत्येक दगडफुलाची कड जशीच्या तशी उतरवून घ्यायची. मग घरी येऊन रंग भरायचे, तेही भिंतीपाशी बसून जुळवलेले. कागदावर कागद ठेवून उजेडासमोर धरले की एकात एक कडा दिसत. मधोमध जुनं वय, बाहेर नवं. नकाशातल्या बेटांसारखं दिसायचं ते, म्हणून ती त्यांना बेटं म्हणायची.

बेटांना नावंही होती. सगळ्यांत मोठी ती थोरली. मधला भाग मरून गेल्यामुळे नुसती कडच जिवंत राहिलेला तो टकलू. आणि सवती. एक राखाडी, एक पिवळसर, दोघी एकमेकींच्या अंगाला अंग लावून वाढणाऱ्या, आणि दोघींच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ. ती रेघ दोघींनी मिळून घातलेली असते. या बाजूची त्या बाजूला जात नाही, त्या बाजूची या बाजूला येत नाही. इतक्या वर्षांत रेघ तसूभर हलली नव्हती. चिमीला सवतींचं फार कौतुक होतं.

आता थोरली नव्हती, टकलू नव्हता. पितळी खिळे मात्र जागच्या जागी होते, घासून घासून सोन्यासारखे चमकत होते.

यामागे कोण आहे हे चिमीला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिने स्टूल उचललं आणि तशीच दादाच्या ऑफिसात गेली.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. शहर सुंदर करण्याची कंत्राटं घेणं हा त्याचा धंदा. चौकातलं कारंजं, दुभाजकातली फुलझाडं, पुलाखालची चित्रं, सगळ्यात त्याचा हात. माणूस मनाचा मोठा, आवाजाने त्याहून मोठा. गेल्या वर्षी चिमीच्या घरी खिडकीच्या काचेवर ती कागदांची चळत लावलेली त्याने पाहिली आणि चक्क गप्प झाला. दादा गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हती. "चिमे, हे सगळ्या गावाने बघायला पाहिजे," तो म्हणाला होता, आणि चिमी विरघळली होती. इतक्या वर्षांत घरातल्या कुणाला तिचं काम पहिल्यांदाच दिसलं होतं.

बेत असा ठरला की चित्रं पत्र्यावर छापायची आणि ते पत्रे भिंतीपासून हातभर अंतरावर लोखंडी स्टँडवर उभे करायचे. प्रत्येक स्टँडला साखळीने एक भिंग. लोकांनी चित्र बघायचं, मग वाकून भिंतीवरचं खरं दगडफूल बघायचं. त्या साखळीच्या भिंगांवर चिमी लहान मुलीसारखी खूश होती.

कामाला सुरुवात झाली ती पाटीने. कामाचा पत्ता नसला तरी पाटी हवीच. चकचकीत काळी पाटी, नगरपालिकेच्या अध्यक्षांचं नाव परातीएवढं, त्याखाली इतरांची उतरत्या भाजणीने, आणि ती पाटी नेमकी सवतींवरच ठोकलेली. चिमीने आकाशपाताळ एक केलं होतं. "सरकवू गं, हातभर सरकवू, शब्द देतो," दादा म्हणाला होता. पाटी सरकली नाही, फक्त तिच्या तळाशी चिमीचं नाव तेवढं चिकटलं. पुढे महिनाभर चिमी त्याच्याशी बोलली नाही, आणि भिंतीपाशी गेली तर पाटीकडे पाठ करून उभी राहू लागली.

ऑफिसात दादा कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तिला पाहून त्याने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला, पण हसत.

"झालं. सगळा बेत फिसकटवलास. अगं, रविवारी उद्घाटनाला तुला एकदम दाखवायचं होतं."

"भिंत का धुतलीस?"

"बस तरी. चहा सांगतो."

"दादा, भिंत का धुतलीस?"

"अगं, ते स्टँड फुटपाथ अडवतात म्हणून वरून नकार आला. मी म्हटलं, अडलंय कुणाचं, थेट भिंतीवरच रंगवू. उलट जास्त भारी होणार. तुझी बेटं दाराएवढी दिसतील, चिमे, लांबून, बसमधून. आता मळ काढल्याशिवाय प्रायमर धरत नाही, तर—"

"मळ."

"मग काय म्हणू त्याला?"

चिमीने स्टूल जमिनीवर आपटलं नाही. ते तिने फार हळू ठेवलं. ओळखणाऱ्या माणसाला त्यावरून समजलं असतं.

"मी ज्यांची चित्रं काढली त्यांनाच तू धुऊन नालीत घातलंस. आणि आता त्यांच्याच जागी त्यांचं चित्र काढणार आहेस. आईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा, म्हणून आईलाच घराबाहेर काढावं, तसं आहे हे."

"आईला कशाला मध्ये आणतेस? अगं, चित्रं आहेत ना तुझ्याकडे सगळी, तारीखवार? मग गेलं काय? उलट आता पक्कं झालं. त्या बुरशीचा काय भरवसा, उद्या वाळून गेली असती. हा रंग बाहेरचा आहे, ऊन-पाणी काही लागत नाही. कंपनीची गॅरंटी आहे."

चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला. गॅरंटी. जे दगडावर कुणाच्याही गॅरंटीवाचून वाढत होतं, दादाचा आणि तिचा जन्म व्हायच्या आधीपासून वाढत होतं, त्याचा भरवसा नाही, आणि डब्यातल्या रंगाचा आहे. अशा माणसाच्या पाठीला पाठ लावून आपण जन्माला आलो, एका ताटात जेवलो, आणि वर्षभर याला कडा आणि संसार समजावून सांगत बसलो. तो मान डोलवत होता, म्हणजे त्याला पटत होतं असं आपण धरून चाललो. यात मूर्ख कोण, हा प्रश्नच होता, आणि त्याने तिचा राग आणखी वाढला.

"बघ तरी," दादा म्हणाला आणि त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर भिंत होती आणि भिंतीवर बेटं होती. राखाडीची निळी झाली होती, पिवळसरची हळदीसारखी. टकलूला टक्कल नव्हतं.

"हे काय?"

"ते मधलं मेलेलं जरा रोगट दिसत होतं. भरून घेतलं. थोडं फ्रेश केलंय सगळंच."

"आणि सवतींमधली रेघ?"

"कुठली? हां, ती काळी. लांबून चीर वाटते गं. लोक म्हणतील भिंतीला तडा गेलाय."

चिमी टेबलाच्या पलीकडे गेली, वाकली आणि तिने प्लग उपटला. पडदा काळा झाला. बाहेरच्या खोलीतली टायपिंग करणारी मुलगी टायपिंग करायची थांबली.

"मी रविवारी येणार नाही. आणि पाटीवरून माझं नाव काढ."

आता दादाचाही आवाज चढला. "नाव काढ म्हणे. तुला माहितीये ते नाव लावायला किती जणांच्या दाढ्या धरल्या मी? पाटीवर तू नव्हतीसच. सगळे होते, तू नव्हतीस. शेवटी मी स्वतः अक्षरं कापून आणली, आणि भर उन्हात उभा राहून, पट्टी लावून, एकेक चिकटवलं. कुणासाठी? माझं नाव आहे का त्या पाटीवर? बघ जाऊन."

"नसेना. धुणारा तूच आहेस."

एवढं बोलून ती निघाली. जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं की स्टूल राहिलं. ती परत गेली, त्याच्याकडे न बघता स्टूल उचललं आणि पुन्हा निघाली. त्यामुळे निघून जाण्याची शान थोडी कमी झाली, आणि तो रागही तिने दादाच्याच खात्यावर मांडला.

घरी येऊन तिने सगळे कागद बाहेर काढले आणि खिडकीच्या काचेला लावले. वर्षं एकावर एक बसली. थोरलीच्या कडा एकात एक, हळूहळू फुगत गेलेल्या. आजचा कागद कोराच होता. तो वर लावून काही फरक पडत नव्हता. फाडून टाकावेत, असं तिच्या मनात आलं. दादाला वाटतं ना की चित्रं आहेत म्हणजे काही गेलं नाही, मग चित्रंही नकोत. तिने एक कागद दोन्ही हातांत धरला, ताणला, आणि कोपऱ्यात आपल्याच बारीक अक्षरात लिहिलेलं पाहिलं: टकलूची उत्तरेची कड गोगलगायीने खाल्ली. तिला तो फाडता आला नाही. मग ती स्वतःवरच चिडली. दादा तर आडदांडच होता. पण 'सगळ्या गावाने बघायला पाहिजे' एवढ्या एका वाक्यावर भुलून भिंत दाखवायला त्याला कोण घेऊन गेलं होतं? तिला कुणी विचारलं नव्हतं तोवर ती भिंत सुखात होती.

दिवे लागायच्या सुमाराला वहिनी आली. चपला न काढता दारातच उभी राहिली.

"नवऱ्याची बाजू घ्यायला आले नाहीये. बाजू घेण्यासारखी त्याने ठेवलेलीच नाही. पण तो जेवत नाहीये, आणि तो जेवला नाही की घरात सगळ्यांना छळतो."

"छळू दे."

"तुला काय, तू इथे सुटलीस." वहिनी आत येऊन बसली. काचेवरच्या कागदांकडे बघत राहिली. "मला ते सगळं काही समजत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या बहिणीची भिंत त्याने विचारल्याशिवाय धुतली, एवढं समजतं. मी सांगितलं त्याला तसं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सरप्राईज होतं." वहिनीने हात झटकले. "लग्न झाल्यापासून याची सरप्राईजं निस्तरतेय मी. उद्या पुन्हा सकाळी लवकर जायचंय म्हणे भिंतीवर. त्या पाटीपायी."

"पाटीचं काय आता?"

"अगं, पाटीला पाणी लागू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद होती. अक्षरं सुटली तर अध्यक्ष गिळतील सगळ्यांना. म्हणून त्या धुणाऱ्याने पाटी सोडून मारलं पाणी. आता तिच्यामागचं तेवढं तसंच राहिलंय. उद्या पाटी उतरवून तेवढी जागा मारून घेणार, मग रंग, मग पाटी परत, पण एका कडेला."

चिमी उभी राहिली.

"वहिनी, परत सांग. पाटीमागे काय राहिलंय?"

"घाण. तो म्हणाला तसं सांगतेय मी."

महिनाभर ज्या पाटीकडे तिने पाठ फिरवली होती, सकाळीही जिच्याकडे तिने मान वर करून बघितलं नव्हतं, ती पाटी तिच्या डोळ्यांसमोर आली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, आणि पाटी आणि दगड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट. फटीतून हवा जाते. कडेने थोडा उजेडही जातो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ती तिथे होती. पाटीला पाठ लावून ती स्टुलावर बसली, कागदाची गुंडाळी मांडीवर. रंगारी आले, डबे ठेवून सावलीला बसले. धुणारा आला, त्याने पाइप जोडला आणि तिला पाहून अवघडला.

"ताई, जरा बाजूला होता का?"

"नाही."

तो जाऊन रंगाऱ्यांच्या शेजारी बसला. दादाची गाडी आली तेव्हा सगळे आपापल्या जागी बसलेले होते आणि काम काडीचं चाललेलं नव्हतं.

"चिमे, उठ. तमाशा नको."

"आधी पाटी काढ. तू स्वतः काढ."

दादाला वाटलं, नावापायी बसली आहे. धुणाऱ्याकडून पेचकस घेऊन त्याने चारही स्क्रू काढले, पाटी दोन्ही हातांनी अलगद उतरवली आणि छातीशी धरली.

मागे सवती होत्या.

थोड्या फिकटल्या होत्या. राखाडीची एक कड वाळून उचलली होती. पण दोघी होत्या, आणि मध्ये केसाएवढी काळी रेघ होती. सगळ्या लांबलचक, गोऱ्यामोऱ्या झालेल्या भिंतीवर तेवढाच एक चौकोन जिवंत होता. रंगारी उठून आले. धुणाराही आला. चिमीने भिंग डोळ्याला लावलं आणि दोघींची एकेक कड तपासली. मग भिंग गळ्यातून काढून दादाच्या पुढे धरलं.

दादाने पाटी खाली ठेवली, वाकला, एक डोळा मिटला.

"हे असं होतं?" तो म्हणाला. "सगळ्या भिंतीभर?"

"सगळ्या भिंतीभर."

तो वाकलेलाच राहिला. तिला वाटलं, आता त्याला कळेल. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो सरळ झाला, दोनदा "हो साहेब" म्हणाला, आणि फोन खिशात टाकला तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा कंत्राटदाराचा झाला होता.

"पण चिमे, एवढा चौकोन सोडून कसं चालेल? मधोमध आहे. ठिगळ दिसेल गं."

धुणाऱ्याने पाइपला हात घातला, कुणी सांगितलं म्हणून नाही, सवयीने. चिमी त्या चौकोनाला पाठ लावून उभी राहिली.

"मार. आधी मला मार, मग मागचं."

"कोण मारतंय तुला? बरं, नाही धूत. नाही धुणार, झालं? शब्द देतो."

चिमीने त्याच्याकडे पाहिलं. दादाचे शब्द खोटे नसत. ते फक्त ऐन वेळी फुटपाथ अडवत. स्टँडचा शब्द त्याने मनापासून दिला होता, पाटी सरकवण्याचाही. आणि दादा राहिला बाजूला, रविवारी संध्याकाळी कुणीही येईल, एवढंच का घाण ठेवलंय म्हणेल आणि ब्रश घेऊन भिडेल. ती रोज स्टूल घेऊन बसणार होती का इथे? या गावात पाणी कशावर मारायचं नाही, हात कशाला लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असलेली वस्तू एकच होती. ती आत्ता दादाच्या पायाशी पडली होती, आणि तिच्यावर अध्यक्षांचं नाव परातीएवढं होतं.

तिने राग गिळला.

"थांबा सगळे," ती म्हणाली. तिने कोरा कागद उलगडला, पितळी खिळ्यांना अडकवला आणि कड उतरवायला बसली. घाई केली नाही. दादाने तीन वेळा घड्याळ पाहिलं. रंगाऱ्यांच्या डब्यातला रंग साय धरू लागला. पिवळसर सवत दक्षिणेकडे कणभर सरकली होती, अंधारात, पाटीमागे. रेघ होती तिथेच होती. चिमीने तारीख घातली, कागद गुंडाळला.

"आता पाटी परत लाव."

"कुठे?"

"आहे तिथेच. फक्त मागे आणखी जागा ठेव. ते पाइपाचे तुकडे पडलेत ना, ते स्क्रूंना घाल आणि दोन बोटं पुढे घे. खालून उजेड गेला पाहिजे."

"अगं, या पाटीवरून तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस."

"हो. तिच्यावर अजून राग आहे. तुझ्यावर तर आहेच. तू लाव."

धुणाऱ्याने तुकडे कापून दिले. पाटी पुन्हा उभी राहिली, आधीपेक्षा जरा पुढे, जरा ऐटीत. मागचं काही दिसत नव्हतं. अध्यक्ष खूश झाले असते.

मग चिमी पाटीसमोर वाकली. सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत तिचं नाव होतं. अक्षरं एका ओळीत, नीट, पट्टी लावून चिकटवलेली. तिने अंगठ्याचं नख पहिल्या अक्षराखाली घातलं.

"चिमे, नको," दादा म्हणाला.

"टकलूला केस लावलेलं चित्र माझं नाही. माझं नाव त्याच्याखाली नको."

"ते मी बदलतो. टक्कल ठेवतो, रेघ ठेवतो, तू म्हणशील तसं. नाव नको काढू. अगं, मी स्वतः लावलंय ते, एकेक अक्षर."

त्याचा आवाज असा तिने लहानपणानंतर ऐकला नव्हता. तिचं नख थांबलं नाही. अक्षरं चिवट होती. काही अखंड निघाली, काही पापुद्र्यापापुद्र्याने. शेवटचं अक्षर निघालं तेव्हा तिने त्या जागेवर फुंकर मारली आणि पदराने पुसली.

"राहू दे रे दादा," ती म्हणाली. "मळ होता."

रंगारी डब्यांकडे वळले, धुणारा उगीच पाइप गुंडाळू लागला. नालीतला कालचा लगदा वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. दादाने एकदा तिकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि फुटपाथवर पडलेले अक्षरांचे तुकडे एकेक करून तळहातावर वेचू लागला. चिमीने स्टुलाची घडी केली, भिंग गळ्यात घातलं आणि त्याचं वेचून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.